खोट्या कॉइलची भीड

मित्रांनो, मी एक जुनी कॉइल आहे, म्हणजे प्लॅस्टिकच्या कवचातलं तारेचं वेटोळं, आणि त्यातही खोटी. दचकू नका. जपानमधल्या कानाझावाच्या एका इस्पितळात अर्धांगवायू झालेल्यांवर संशोधन चालायचं, त्यासाठी मला मुद्दाम तशी घडवली होती. माझी खरी बहीण रोग्याच्या डोक्याशी धरली, की तिचं चुंबकबळ कवटीतून आत जाऊन सुस्तावलेल्या मेंदूला ढोसायचं. मी दिसायला हुबेहूब तिच्यासारखी. टक्‌टक्‌ आवाजही तोच. आत मात्र काही जात नसे. गुण उपचाराने आला की नुसत्या आशेने, हे कळायला माझ्यासारखी एक लागतेच. कुणाच्या वाट्याला कोण आलंय, हे ना रोग्याला ठाऊक, ना डॉक्टरांना.

माझ्या वाट्याला आले कुरातानीआजोबा. पन्नास वर्षं गवताच्या जाड चटया शिवलेला माणूस. झटका आला आणि उजवी मूठ मिटली ती मिटलीच. बोटं उघडावीत आणि पुन्हा सुई धरता यावी, एवढंच त्यांचं मागणं होतं.

पहिल्या दिवशी खुर्चीत बसण्याआधी ते माझ्यापुढे कमरेत वाकले. “आजपासून तुला तसदी देतोय हं, बाई.”

तरुण तोगाशी डॉक्टरीणबाईंना हसू आलं. “आजोबा, यंत्राला कसला नमस्कार?”

“आम्ही सुईवाले, डॉक्टर. सुई मोडली तरी तिला विसावा म्हणून मऊ टोफूत टोचून तिचे आभार मानतो. राबणाऱ्या हत्याराला नावं ठेवू नयेत.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन आठवडे मी त्यांच्या डोक्याशी टक्‌टक्‌ करत राहिले. घरी हात किती वापरला, हे रोग्यानेच सांगायचं आणि डॉक्टरांनी वहीत उतरवायचं, अशी रीत होती. “पेला धरता आला?” “आला की!” “गुंड्या?” “त्याही लागतात हळूहळू.” “इथे बुजून हात आखडतो, घरी उघडतो,” असंही सांगायचे. सगळं धादांत खोटं. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने, सातोएआजींनी, एकदा तोंड उघडलं, तर आजोबांनी डोळ्यांनीच गप्प केलं.

शेवटच्या दिवशी मेंदूचं छायाचित्र काढलं. बाई गोंधळल्या. “आजोबा, हात हलवायला सांगितला तेव्हा इथे काही उजळलंच नाही. खरं सांगा. ज्यांना गुण आला नाही, त्यांना आम्ही लगेच खऱ्या कॉइलची फेरी देतो.”

मी मनात ओरडत होते, सांगा हो, सांगा! पण ते म्हणाले, “फोटो चुकला असेल. हिने एवढे कष्ट घेतले. हिच्या तोंडावर हिला नापास कसं करू?” बाईंनी वहीवर विश्वास ठेवला आणि त्यांचं नाव दुसऱ्या फेरीतून काढलं.

परतताना दाराशीच आजी पुटपुटल्या, “अहो, यंत्राला कान असतात का?”

“डॉक्टरना आहेत ना. पोरीला वाईट वाटेल.”

पाच महिन्यांनी, कुणाला कुठली कॉइल मिळाली ते लिहिलेली बंद पाकिटं उघडली. बाईंनी दोघांना बोलावलं आणि मला टेबलावर ठेवून आनंदाने सांगितलं, “आजोबा, कमाल केलीत! ही खोटी होती. नुसत्या आशेवर तुमचा हात सुधारला!”

“कसला सुधारला!” सातोएआजी ताडकन उठल्या. “भाताचा वाडगा मी धरते, गुंड्या मी लावते! अंघोळसुद्धा मीच घालते! एक बोट उघडलेलं नाही यांचं!”

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. माझी बहीण केव्हाच दुसऱ्या गावी गेली होती. झटक्यानंतरचे पहिले काही महिनेच मेंदू झटपट शिकतो, तेही सरले होते. आता ती आणली तरी गुण येईलच असं नाही, हे बाईंनी खाली मान घालून सांगितलं.

आजोबा माझ्याकडे बघत बसले. मग हळूच म्हणाले, “म्हणजे... ही राबतच नव्हती?”

बाईंनी मला टेबलावरून उचलून कपाटात ठेवलं.

त्या उन्हाळ्यात त्यांनी दुकान बंद केलं. मी आता कपाटात पडून असते.

मित्रांनो, हत्यारांना जरूर जपा, पण आधी स्वतःला जपा. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. दुखत असेल तर दुखतंय म्हणा. गुण आला नसेल तर तोंडावर सांगा, समोरच्याला वाईट वाटलं तरी सांगा. त्यांनी मला नापास केलं असतं, तर मलाही लागलं असतं, खोटं कशाला बोलू? पण माझं काय, मी प्लॅस्टिक आणि तार. त्यांची मूठ मिटलेलीच राहिली.