मावशींनी न दिलेली बाटली

मुलीने नेहमीसारखं घडाघडा म्हणून दाखवलं: लहान मुलाने विषारी काही गिळलं आणि डॉक्टरांनी सांगितलं, तरच हे उलटीचं औषध द्यायचं. औषध देण्याआधी गिऱ्हाइकाकडून असं वदवून घ्यायची औषधवाल्या मावशींची रीतच होती. ही मुलगी तर चुणचुणीत, धाकट्या भावाला जपणारी. मावशी दर वेळी शाबासकी देऊन बाटली पुढे करायच्या.

आज बाटली त्यांनी हाताखालीच ठेवली.

सकाळी मुलीची आई भावाचं खोकल्याचं औषध न्यायला आली होती. पोरगा गुणी आहे, भलतंसलतं कधी तोंडात घालत नाही, असं कौतुक करता करता ती मुलीवर आली. पोरगी जेवते, पण ताटावरून उठली की न्हाणीघराचं दार लावून बसते. खाल्लेलं अंगाला म्हणून लागत नाही. मावशींनी पोरीला आजवर दिलेल्या बाटल्या मनाशी मोजल्या. पोरीचं पाठांतर ऐकून त्या भुलल्या होत्या. तिच्या चेहऱ्याकडे त्यांनी धड पाहिलंच नव्हतं.

"भावासाठी नाही ना गं हे?" त्यांनी हळूच विचारलं.

मुलगी काउंटरची कड धरून उभी राहिली. "द्या ना मावशी. ही शेवटची."

मावशींनी तिला आत स्टुलावर बसवलं. तिचीच बोटं तिच्या मनगटावर ठेवली आणि वर्गात विचारावं तसं विचारलं, ठोके सारखे पडतात का. ती ओठ हलवत मोजत राहिली. मग म्हणाली, मध्येच एखादा चुकतो.

"हृदय म्हणजे स्नायूच, बाळा. उलटी पोटातून येते, पण हे औषध अंगात साठत जातं आणि हृदयालाच पोखरतं."

"मग काय, जाडी होऊ?"

"जाडी मी आहे. मावतेय ना काउंटरमागे?"

मुलीला हसू फुटलं आणि त्यातच रडू. आईला सांगणार का, असं तिने डोळे पुसत विचारलं.

"तू सांगायचं. मी शेजारी उभी राहीन. पण आधी डॉक्टर. आत्ता."

मावशींनी भर दुपारी शटर ओढलं. दवाखाना समोरच्याच इमारतीत, अगदी वरच्या मजल्यावर होता. जिन्याच्या प्रत्येक वळणावर मावशी कठडा धरून थांबत आणि गुडघ्यांना नावं ठेवत. गुडघे त्यांचे ठणठणीत होते. मुलगी भिंतीला टेकून श्वास गोळा करी. तो परत आला की मावशी म्हणत, "चल," आणि पुढची पायरी चढत.