खरेदीखतातलं तिसरं नाव

मानेवाड्याचा आमचा फ्लॅट विकून लेकीचं, गार्गीचं, ऑपरेशन करायचं ठरलं होतं. लिव्हरचा तुकडा मी देणार होते, तपासण्यांत माझा जुळला होता. डॉक्टर म्हणाले, पावसाळ्याच्या आत करा, ती अंगाने बरी आहे तोवर.

ब्रोकर प्रीतमने गिऱ्हाईकही आणलं. नुकतेच रिटायर झालेले नवरा-बायको, त्यांना स्वयंपाकघरातला उजेड आवडला. विक्रमने, माझ्या नवऱ्याने, टॅक्सच्या पावत्या आणि सोसायटीचं ना-हरकत पत्र समोर ठेवलं. प्रीतम खरेदीखत वाचता वाचता थांबला.

"वहिनी, हे गार्गी कोण?"

ती माझ्या मांडीवरच होती, पिवळ्या डोळ्यांनी त्याच्या पेनाकडे बघत.

"ही," मी म्हटलं.

"अरे बाप. लेकराचं नाव काहून टाकलं घरावर?"

गार्गीच्या बारशानंतर लगेच रजिस्ट्री झाली होती. पोरीच्या पायगुणानं घर आलं, तिचंही नाव टाक, असं सासूबाई म्हणाल्या. विक्रमला ते इतकं आवडलं की आमच्या दोघांच्या नावाखाली त्याने तिचं घालून घेतलं आणि ऑफिसभर पेढे वाटले. आमच्या नात्यात आणखीही काहींनी असंच केलंय. कोणावर विकायची वेळ आली नाही, एवढंच.

वकील मधुवंतीताईंनी समजावून सांगितलं. "अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांच्या आतल्या मुलीचा हिस्सा आहे. कोर्टाच्या परवानगीशिवाय आईबापांनाही विकता येत नाही. आईबापांनी लेकरांची घरं खाऊ नयेत म्हणून कायदा आहे हा."

"आम्ही तिच्यासाठीच विकतोय ना पण."

"हो, तेच कोर्टाला दाखवायचं आहे."

अर्ज केला. कोणाची हरकत असल्यास कळवावे, अशी नोटीस पेपरात द्यावी लागली. विक्रमने ती गार्गीला वाचून दाखवली. "बोला बाई, तुमची काही हरकत?" ती हसली. मग त्याने पेपर घडी करून उशीखाली ठेवला आणि बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

मे महिन्यात कोर्टाला सुट्ट्या लागल्या. गिऱ्हाईकांनी आपलं जुनं घर विकलं होतं, मुलाकडे एका खोलीत राहत होते. शेवटी त्या बाई स्वतः आल्या. दुसरीकडे घेतलं म्हणाल्या, आणि गार्गीच्या हातात फ्रॉक ठेवून गेल्या. फ्रॉक तिच्या पोटावर बसला नाही, पोट फार फुगलं होतं. प्रीतमने जूनमध्ये नवं गिऱ्हाईक आणलं, तर अर्जातलं जुनं नाव आणि किंमत बदलून पुन्हा तारीख घ्यावी लागली.

सासूबाईंनी जेवणच टाकलं होतं.

"मीच बोलली होती वं," त्या ताटाशी बसून म्हणाल्या. "मले काय ठाऊक, टाकलेलं नाव काढता येत नाई म्हणून."

"आई, दोन घास खा."

"तू मले रागवत काहून नाई? एखाद्या वेळेस बोलून तरी घे."

"रागवायला बसले तर हिला कोण घेईल?"

त्यांनी हात धुतला आणि गार्गीला माझ्याकडून घेतलं. तेव्हा मी जेवले. खरं सांगायचं तर त्यांच्यावर राग होताच. पण गार्गी त्यांच्याच अंगावर लवकर झोपायची.

जुलैत परवानगी मिळाली. मधुवंतीताईंनी कोर्टातूनच फोन केला, आवाजात आनंद होता. आम्ही दवाखान्यात होतो. सकाळीच डॉक्टरांनी सांगितलं होतं की इन्फेक्शन रक्तात गेलंय, आता ऑपरेशन तिला सोसणार नाही. घरी न्या, तिला त्रास होणार नाही तेवढं बघू.

थोड्या वेळाने प्रीतमचा फोन आला. विक्रमने नाव बघून तो माझ्यापुढे धरला. मी घेतला.

"वहिनी, पार्टी संध्याकाळी टोकन घेऊन येऊन राहिली. येऊ देऊ?"

"नाही प्रीतमभाऊ. घर विकायचं नाही आता."

"मंग काहून? आता तं कोर्टाचंही झालं."

मला सांगता आलं असतं. गार्गी ऐकत होती, म्हणून मी फोन बंद केला.

"घरी?" तिने विचारलं.

"हो, घरी."

तिच्या पायांवर सूज होती, चपला चढेनात. त्या पिशवीत टाकल्या आणि तिला उचललं.