कॉइलच्या खोलीतला अंधार

"मामा, तुमचं खरं नाव काय हो?"

मॅडमच्या खोलीतलं कपाट पुसता पुसता मामा थांबले. प्रयोगशाळेतले उंदीर सांभाळण्यात तीस वर्षं गेली, पण हे कधी कुणी विचारलं नव्हतं. मॅडमना शोधनिबंधाच्या शेवटी त्यांचे आभार मानायचे होते. मामांनी नाव सांगितलं, वर "वडिलांचंही घाला" म्हणाले. चार दिवसांनी निवृत्त होणाऱ्या माणसाचं नाव पहिल्यांदाच छापून येणार म्हटल्यावर तो हुरळणारच.

मॅडम खुशीत होत्या. "उंदराच्या मेंदूत मोहरीएवढी ग्रंथी असते, मामा. पिनिअल. अंधार झाला की ती एक द्रव्य बनवते. ज्या खोलीत कॉइलमधून वीज सोडून चुंबक तयार करतो, तिथल्या उंदरांत ते निम्म्यावर आलंय. दुसऱ्या खोलीत कॉइल नाही, तिथं सगळं ठीक. म्हणजे चुंबकाचाच परिणाम!"

"दुसऱ्या कशानं नसेल ना?"

"उजेडानं होतं. जराशी तिरीप आली तरी ग्रंथी काम थांबवते. म्हणून तर दोन्हीकडे उंदरांना न जाणवणारा नुसता लाल दिवा ठेवला ना आपण."

मामांना कॉइलच्या खोलीचं दार आठवलं.

दिव्यांच्या वेळा फिरवून उंदरांची रात्र भरदुपारी आणली होती. त्या वेळात मामा पिंजरे तपासत आणि वेळ लिहून ठेवत. दुसऱ्या खोलीत ते मनगटावर बघत. कॉइलच्या खोलीत मात्र घड्याळाला बंदी, चुंबकानं ते बिघडतं. मग मामा दार बोटभर उघडून बोळातल्या घड्याळात बघत. बोळात ट्यूबलाइट लख्ख जळत असे.

गप्प बसले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. नाव छापून आलं असतं, सुनेकडून मोठ्यानं वाचून घेता आलं असतं. खरं सांगतो, त्यांच्या जागी मी असतो तर गप्प बसलो असतो.

मामांनी फडकं खाली ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं.

मॅडमचा चेहरा उतरला. "तीन वर्षं पाण्यात गेली, मामा! आणि हे आत्ता सांगताय?"

"मला तरी आत्ताच कळलं."

"नसतं सांगितलं तर?"

"चाळीस उंदीर मेले, मॅडम. ग्रंथी काढायला माझ्याच हातानं आणून दिले एकेक. खोट्यापायी मेले असं नको व्हायला."

"तुमचं नाव आता..."

"माहितीय."

मॅडमना राग आला होता, पण काढणार कुणावर? घड्याळबंदीचा नियम त्यांचाच होता. मग त्यांनी समोरच्या खुर्चीवरचे कागद उचलले.

"बसा."

तीस वर्षांत मामा या खोलीत कधी बसले नव्हते. पँटला हात पुसून ते खुर्चीच्या टोकावर टेकले.

"पहिल्या दिवसापासून सांगा. दार किती वेळा उघडलं, किती वेळ."

मामा आठवून आठवून सांगू लागले आणि मॅडम लिहून घेऊ लागल्या.