न पाहिलेल्या वह्या

भाऊसो चौगुले मराठीचे निवृत्त प्राध्यापक. घर शिवाजी पेठेत. त्यांचे प्रकाशक मित्र बाळासो माने राजारामपुरीत. दोघांत रिक्षानं दहा मिनिटांचं अंतर, तरी तीस वर्षं ते एकमेकांना पत्रं लिहीत आले. फोनवर नुसती भांडणं होतात, असं बाळासोंचं म्हणणं.

यंदा उन्हाळ्यापासून बाळासोंची पत्रं आखडत गेली. चार पानांची पोस्टकार्डावर आली, आणि प्रत्येकात एकच नाव, संघप्रिया. कुरुंदवाडची ही शिक्षिका आंबेडकरी जलशांवर पुस्तक लिहीत होती. 'काय लिहिते रे पोरगी! काल तिला सहा पानी उत्तर धाडलं.'

सहा पानं! भाऊसोंनी त्या कार्डाला उत्तरच दिलं नाही.

मग तिचं हस्तलिखित मतासाठी त्यांच्याकडेच आलं. या भागातल्या जलशांची गाणी कुणी लिहून ठेवलीच नाहीत, असं भाऊसोंनी याच विषयावरच्या आपल्या जुन्या पुस्तकात ठणकावून म्हटलं होतं. संघप्रियाला गाण्यांच्या तीन वह्या सापडल्या होत्या. भाऊसोंचं नाव आदरानं घेऊन तिनं ते विधान खोडून काढलं होतं. तिनं शिव्या घातल्या असत्या तर सोसलं असतं, असं त्यांना वाटलं. त्यांनी बाळासोंना लिहिलं, 'वह्या मागाहून रचलेल्या दिसतात. छापू नकोस.'

वह्या त्यांनी पाहिल्याही नव्हत्या.

आठवड्यानं कार्ड आलं, 'ती वह्या घेऊन येते आहे. शनिवारी ये.'

शनिवारी बाळासोंच्या कार्यालयात संघप्रियानं सुती फडक्यातून वह्या काढल्या. "सर, एका अभ्यासकांनी कळवलंय की ह्या मागाहून रचल्यात. त्यांचं नाव बाळासो सांगत न्हाईत. आता तुम्हीच बघून सांगा."

भाऊसोंनी पान उलटलं. गाणं एकाच्या हातचं, दुरुस्त्या दुसऱ्याच्या. समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'नांदणीच्या जलशात हे म्हटलं नाही. पाऊस आला. पेटी भिजली.' खोटं रचणारा माणूस पेटी भिजल्याचं कशाला लिहील? पुढची दहा पानं ते चष्मा वर करकरून वाचत राहिले. असं काही आपल्या हाती लागावं म्हणून ते आयुष्यभर गावोगाव हिंडले होते. ते सापडलं होतं हिला.

"अस्सल आहेत," ते म्हणाले.

"मग त्या अभ्यासकांना तसं कळवाल का, सर?"

बाळासो खिडकीबाहेर बघत बसले. ते नाव सांगणार नव्हते. भाऊसोंना गप्प बसता आलं असतं.

"मीच तो."

संघप्रियानं त्यांच्या पुढ्यातली वही मिटली. मग म्हणाली, "वह्या न बघताच लिवलं व्हय, सर?"

तिनं वह्या फडक्यात बांधल्या, बाळासोंना नमस्कार केला आणि निघून गेली.

"मला वाटलंतं, तू गप बसशील," बाळासो म्हणाले.

"आधी माझं मत तिला का कळवलंस?"

"तिचं पुस्तक हाय. तिला न्हाय तर कुणाला कळवू? आणि जळायचंच हुतं, तर वह्या बघून तरी जळायचं की, लेका."

पुस्तक दिवाळीनंतर निघालं. भाऊसोंनी आपली चूक कबूल करणारा लेख एका मासिकाला दिला आणि संघप्रियाला माफीचं पत्र घातलं. तिचं उत्तर महिन्यानं आलं, तेही बाळासोंच्या पत्रातून. 'सरांना सांगा, पत्र पोचलं,' एवढंच. खाली बाळासोंनी लिहिलं होतं की तिनं मला लिहिलेली बाकीची चार पानं आमच्या कामाची आहेत, तुला धाडत नाही.

त्या चार पानांत काय असेल, याचा विचार भाऊसो दुपारभर करत बसले.