पेटीतला आवाज

"खोकं एक, वस्तू चार," गजेंद्रभाऊ स्क्रीनकडे पाहत म्हणाले. "डीलरनं बिलात पह्यले स्पीकर लिवला. आता बंदरावरचे सायेब इचारून राह्यले, हे स्पीकरचं खोकं हाये का दवाखान्याचं? लिवून द्या म्हनते."

अकोल्याच्या जठारपेठेतल्या त्या ऑफिसात परदेशी मालाला कस्टमचा कोड लावायचं काम चाले. एका खोक्यात अनेक वस्तू असल्या, की त्यातली मुख्य कोणती ते ठरवायचं आणि सगळं खोकं तिच्याच कोडखाली घालायचं. हर्षानं आजवर अशी कितीतरी खोकी हातावेगळी केली होती. पण हे खोकं तिच्या बाबांसाठी मागवलेलं होतं.

बाबा, म्हणजे देवमन, चांदूर बाजारला संत्र्यांच्या हर्रासात बोली पुकारायचे. कॅन्सर झाला आणि अमरावतीच्या डॉक्टरांनी त्यांचं स्वरयंत्र काढलं. जीव वाचला, आवाज गेला. खोक्यात गळ्याला टेकवून बोलायचं यंत्र होतं, त्याचा चार्जर, एक माइक आणि कमरेला अडकवायचा छोटा स्पीकर.

"तुह्या घरचं हाये. मी लिवतो पाहिजे तं," गजेंद्रभाऊ म्हणाले.

"नाही भाऊ, मीच लिहिते."

तिनं लिहिलं, 'स्पीकर आवाज फक्त मोठा करतो. गळ्याचं यंत्र नसेल तर रुग्णाला बोलता येत नाही, आणि बाकीच्या वस्तूंचा त्याला उपयोग नाही.' 'रुग्ण' या शब्दापाशी तिचा हात बराच वेळ थांबला. मग तिनं उत्तर पाठवून दिलं.

तिकडून पुन्हा प्रश्न आला, मग यंत्राचं माहितीपत्रक मागितलं. असे आठवडे जात राहिले. रविवारी ती घरी गेली की कोणीतरी भेटायला आलेलं असे आणि बाबांच्या देखत त्यांच्याबद्दल आईलाच विचारी, "जेवते का आता बराबर?" देवमन उठून आत निघून जात. एकदा त्यांनी हर्षाकडे पाहून नुसत्या भुवया उंचावल्या.

"येऊन राह्यलं बाबा. कागदात अडकलं."

त्यांचे ओठ हलले. काहून, एवढंच ते विचारत होते.

शेवटी खोकं सुटलं. कोणाच्या हाती न पाठवता ती स्वतःच ते घेऊन चांदूर बाजारला गेली. आई, दुर्गाबाई, मागच्या अंगणात कपडे धूत होती. हर्षानं स्पीकर बाबांच्या कमरेला अडकवला, माइक नीट लावला आणि यंत्र त्यांच्या गळ्याला कुठं टेकवायचं ते दाखवलं.

सुरुवातीला नुसती घरघर निघाली. मग शब्द आला. "ह-र्षा."

सपाट, एकाच पट्टीतला आवाज. त्यात बाबा कुठंच नव्हते. तरी हर्षा हसली आणि म्हणाली, "समजते बाबा. सगळं समजते."

देवमननं स्पीकर मोठा केला. मागच्या दाराकडे तोंड करून त्यांनी यंत्र पुन्हा टेकवलं.

"दुर-गा."

पाण्याचा आवाज थांबला. देवमन वाट पाहत होते. पदराला हात पुसत दुर्गाबाई आत आली, दोघांच्या समोरून तशीच पुढं गेली आणि तिनं रस्त्याकडचं दार उघडलं.

"भंगारवाल्याचा भोंगा वाजला वाटते," ती म्हणाली. "कवाची ते फुटकी बादली द्याची हाये."

"आई, ते तर..." हर्षा बोलू लागली, तोच देवमननं हातानं तिला थांबवलं.

त्यांनी यंत्र बंद करून खाटेवर ठेवलं. कमरेचा स्पीकर काढून तोही शेजारी ठेवला. मग ते उठले आणि दारात बायकोच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

"कोनी दिसत तं नाही," दुर्गाबाई म्हणाली.

देवमनही तिच्याबरोबर रिकाम्या रस्त्याकडे पाहत राहिले.