राजाने जोडलेली शेपटी

व्हेनिसहून आलेल्या त्या चित्रातल्या कुत्र्याला मुळात शेपटी नव्हतीच. कॅनव्हास त्याच्या कमरेशी संपत होता. पण माद्रिदच्या राजवाड्यातली भिंत रुंद आणि राजाला शेजारच्या चित्राच्या मापाची जोडी हवी. म्हणून दरबारी चित्रकाराने कडेला कापडाची पट्टी शिवली आणि तिच्यावर झुबकेदार, उंचावलेली शेपटी रंगवून दिली. पुढे राजांची सगळी चित्रं राष्ट्रीय संग्रहालयात आली. हे आलं शेपटीसकट.

आता चित्र स्वच्छ झालं होतं आणि नव्या चौकटीपायी शेपटीच्या जिवावर बेतलं होतं.

"पट्टी चौकटीआड जाईल," विभागप्रमुख डॉन एलादियो म्हणाले. "मला निव्वळ व्हेनिस हवंय."

चित्रांची डागडुजी करणाऱ्या कासिल्दाने हिवाळाभर ती शेपटी केसाकेसाने साफ केली होती. ती पुन्हा अंधारात जावी, हे तिला पटेना. पण तिचाच तपास तिच्यावर उलटला. मूळ आकाशाचा निळा रंग महागडा दगड वाटून केलेला, पट्टीवरचा स्वस्तातल्या काचेच्या भुकटीचा. तिने तसं सांगून टाकलं.

"बघ! स्वतःच्याच तोंडाने बोललीस!"

"शेपटी उपरी आहे, डॉन एलादियो, खोटी नाही. चित्र व्हेनिसने काढलं, पण इथे आणलं राजाने. ही सगळी दालनं राजांच्या आवडीवर उभी आहेत. त्याने जे रोज पाहिलं, ते आपण का झाकायचं?"

"राजाला काय, भिंत उघडी दिसली म्हणून ठिगळ लावलं!"

"मग झाकून तरी बघा."

त्यांनी पुठ्ठ्याची चौकट चित्रावर धरली. शेपटी गेली, आणि चित्रातल्या बाईच्या पायाशी बागडणारा कुत्रा एकदम दात विचकून तिच्या अंगावर धावला. जबडा तोच, डोळे तेच.

"अगं, हा चावतोय तिला!"

"मूळ चित्रकाराला तेच हवं असेल कदाचित," कासिल्दा म्हणाली. तेही सांगणं भाग होतं.

डॉन एलादियो कुत्र्याकडे वाकले. "रविवारी प्रवेश फुकट असायचा. वडील मला इथे आणायचे," ते म्हणाले. "मी याचं नाव ठेवलं होतं. कानेलो."

त्यांनी पुठ्ठा खाली घेतला. कुत्रा पुन्हा लाडात आला.

"सुताराला सांग, चौकट रुंद कर. आणि चित्राशेजारच्या पाटीवर तुझी ती काचेची भुकटी लिही."

"आणि कानेलो?"

"ते लिहिलंस तर याद राख, पोरी."