मागच्या खोलीतलं युकुलेले

सुनेने खुंटी आणखी अर्धा फेरा पिळली आणि तार छेडली. सूर दाखवणाऱ्या यंत्राचा काटा मधोमध आला, क्षणभर थांबला आणि पुन्हा खाली घसरला. नायलॉनच्या नव्या तारा आठवडाभर तरी ताणत राहतात, असं सोबतच्या पत्रकात लिहिलं होतं. तिने परत पिळली.

युकुलेले म्हणजे गिटारचं चार तारांचं धाकटं भावंड; तिचं विजेवर चालणारं, हातभर लांबीचं, पोटात पोकळी नसलेलं. हेडफोन न लावता वाजवलं तर रबर ताणून सोडल्याइतकाच आवाज. तिने ते घेतलं होतंच त्यासाठी. दिवसभर ती दंतवैद्यांसाठी कवळ्या घडवायची. एकेक दात मेणात बसवायचा, घासायचा, कुणा परक्याच्या जबड्यासाठी. संध्याकाळी हातांना काहीतरी बिनकामाचं हवंसं वाटे. पण घरात सासूबाई होत्या, पुढच्या खोलीत चाळीस वर्षं व्हायोलिन शिकवत आलेल्या. विद्यार्थ्याचा सूर केसभर उतरला, तर स्वयंपाकघरातून कांदा चिरता चिरता ओरडणाऱ्या. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सून कपडे वाळत घालताना गुणगुणली, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "तू आपले दातच कर गं बाई." सगळे हसले होते. तीही हसली होती. त्यानंतर नऊ वर्षांत ती घरात कधी गुणगुणली नाही.

तीन आठवडे तिने दार लोटून सराव केला. एका बोटाने तार दाबून वाजवायचा पहिला स्वरमेळ जमला. तीन बोटांच्या दुसऱ्यात मात्र एक तार दर वेळी झणझणायची. रविवारी दुपार कलताना ती त्याच्याशीच झटत बसली होती. मान वर केली, तर दारात सासूबाई. केव्हाच्या उभ्या होत्या, कोण जाणे. तिने घाईने हेडफोन गळ्यात ओढले.

"मधलं बोट पडद्याच्या पट्टीवर चढतंय," सासूबाई म्हणाल्या. "मागे घे जरा."

तिने बोट मागे घेतलं, तार छेडली. झणझण गेली होती.

"तिथून ऐकू आलं तुम्हाला?"

सासूबाई पलंगाच्या कडेला येऊन टेकल्या. "ते दे बघू इकडे." हेडफोन त्यांनी पांढऱ्या केसांवर नीट चढवले. "हं. वाजव."

तिने वाजवलं.

"मोठा कर."

आवाजाची घुंडी अर्ध्यावर गेली.

"अजून."

घुंडी टोकाला जाऊन अडली. हेडफोनच्या कडांतून सांडणारा आवाज आता सुनेलाही स्वच्छ ऐकू येत होता.

"आई, कानाला लागेल हो."

सासूबाईंनी डोळे मिटले. पूर्वी शिकवताना त्या असेच डोळे मिटून ऐकायच्या; गेल्या वर्षभरात सुनेने तसं पाहिलं नव्हतं. खुर्चीही त्यांनी ओढून विद्यार्थ्याच्या अगदी समोर घेतली होती, त्याची बोटं दिसतील अशी. आणि स्वयंपाकघरातून शेवटच्या कधी ओरडल्या, ते तिला काही केल्या आठवेना. तिचा हात थांबला.

सासूबाईंनी डोळे उघडले.

"केव्हापासून?" सुनेने विचारलं.

त्या तिच्या ओठांकडे बघत होत्या.

"तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस एवढ्यात," त्या म्हणाल्या, गरजेपेक्षा जरा मोठ्यानेच. मग त्यांचा चेहरा नेहमीसारखा करडा झाला. "आणि तिसरी तार किती उतरलीय तुझी! आण ते इकडे."

त्यांनी युकुलेले मांडीवर घेतलं, अंगठ्याने तार तपासली, खुंटी किंचित पिळली. मग पुन्हा तपासली. तार सुरात लागली, तरी त्यांनी ते परत दिलं नाही; हेडफोन तसेच ठेवून छेडत राहिल्या.

बेल वाजली. सासूबाईंची मान वर झाली नाही.

सुनेने जाऊन दार उघडलं. दारात पाच वाजता शिकायला येणारे पोस्टातले कारकून होते, काखेत व्हायोलिनची पेटी.

"बसा थोडं," ती म्हणाली. "बाई सराव करतायत."

पेटी मांडीवर घेऊन ते खुर्चीत टेकले आणि मागच्या खोलीच्या दिशेने कान देऊन बसले. बराच वेळ गेला.

"काहीच ऐकू येत नाही की हो," ते हळूच म्हणाले.

"त्यांना येतंय," सून म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली.